कुकीजच्या निमित्ताने इंग्रजी बोलायचंय? आदल्या दिवशीची तयारी

सगळ्यात आधी जोडीदार ठरवा. एकट्याने मोबाइलवर व्हिडिओ लावूनही कुकीज झकास होतात, पण इंग्रजी जिथल्या तिथे राहतं, कारण कुणाकडे काही मागावंच लागत नाही. आई आणि सातवीतली मुलगी, दोघी जावा, आजोबा आणि नातू, कुठलीही जोडी चालेल. दोघांचंही इंग्रजी कच्चं असलं तरी बिघडत नाही. एकाचं फाडफाड असेल तर मात्र त्याला आजच बजावून ठेवा : ट्रे ओव्हनमध्ये जाईपर्यंत दुसऱ्याच्या चुका काढायच्या नाहीत.

मग सामान. पहिल्या खेपेला अंडं, ब्राउन शुगर, चॉकलेट चिप्स यांच्या नादी लागू नका. मैदा, बटर आणि पिठीसाखर वजनाने ३ : २ : १ घेतली की साधी शॉर्टब्रेड कुकी होते. म्हणजे बटरचा १०० ग्रॅमचा पॅक, १५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम पिठीसाखर, मिक्सरमध्ये घरी दळलेली चालेल. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. १५ ग्रॅमचा एकेक गोळा धरला तर २० कुकीज होतात. वेलची घातली तर चव नानकटाईकडे झुकते, आणि मला विचाराल तर घालाच. जिन्नस तीनच असले की डोकं मोकळं राहतं, आणि उद्या ते बोलण्यासाठी हवंय.

इंग्रजी कृती समोर ठेवणार असाल तर मापं आधीच समजून घ्या. अमेरिकन कृतीतले ३५० डिग्री फॅरनहाइट म्हणजे आपल्या घरगुती विजेच्या ओव्हनवरचे (ओटीजी) साधारण १८० सेल्सिअस. त्यांची बटरची एक ‘स्टिक’ ११३ ग्रॅमची, टेबलस्पून १५ मिलिलिटरचा, टीस्पून ५ चा. मैद्याला अमेरिकेत ‘ऑल पर्पज फ्लावर’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘प्लेन फ्लावर’. एवढं पुरे.

खरी तयारी इथून पुढे. सगळं सामान ओट्यावर एका जागी मांडायची सवय उद्यापुरती मोडा. वजनकाटा आणि मैदा एकाच्या ताब्यात. बटर, साखर आणि मोठं भांडं दुसऱ्याच्या. कृती कागदावर लिहा आणि कागद सरळ मधोमध फाडा : प्रमाणं एकाकडे, पायऱ्या दुसऱ्याकडे. आता विचारल्याशिवाय कुणाचंच पान हलत नाही. ‘हाउ मच फ्लावर डू वी नीड?’ ‘व्हॉट डू वी डू नेक्स्ट?’ हे प्रश्न मग पाठ केलेले राहत नाहीत, ते अडल्यामुळे विचारले जातात. आपलं ‘किती’ इथे दोन ठिकाणी वाटलं जातं. मैदा, साखर, बटर यांना ‘हाउ मच’. चमचे, कुकीज, मिनिटं यांना ‘हाउ मेनी’.

फ्रिजवर लावायला चार-पाच वाक्यांची चिठ्ठी आज रात्रीच लिहा, रोमन लिपीत, ठळक अक्षरात. ती वाक्यं पुस्तकातली नकोत. स्वयंपाकघरात आपण मराठीत जे बोलतो तेच घ्या. ‘चमचा दे ना’ यातल्या ‘ना’मध्ये आपली सगळी विनवणी असते. ‘गिव्ह मी द स्पून’मध्ये ती उतरत नाही, नुसता हुकूम उरतो, म्हणून ‘कॅन यू पास मी द स्पून, प्लीज?’ ‘चव बघ’ला ‘टेस्ट इट’ पुरतं, त्यात बघणं आणू नका. ‘साखर घाल’ म्हणजे ‘ॲड द शुगर’. आणि सगळ्यात घोटाळ्याचं आपलं ‘बंद कर’. ओव्हनचं दार बंद करायचं ते ‘क्लोज द डोअर’, पण ओव्हनच बंद करायचा तर ‘टर्न इट ऑफ’. ‘क्लोज द ओव्हन’ म्हटलं तर समोरचा दार लावून मोकळा होईल आणि आत कुकीज करपत राहतील.

उच्चार तीनच तपासून ठेवा, जास्त नकोत. आपण ‘ओव्हन’ म्हणतो, इंग्रजीत तो ‘अव्हन’च्या जवळ जातो. मैद्याची चाळणी ‘सिव्ह’, लिहिलेलं बघून लांबवू नका. भिजवलेल्या पिठाचं ‘डो’, त्याच्या स्पेलिंगकडे पाहूच नये.

प्रत्यक्ष दिवशी बटर तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, ट्रेवर बटर पेपर लावा, ओव्हन १७० डिग्रीवर दहा मिनिटं तापू द्या. साधा मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कुकीज भाजल्या जात नाहीत. कन्व्हेक्शनची सोय हवी. बटर आणि साखर फेटून मैदा मिसळताना हात काय करतायत ते बोलत राहायचं : ‘आय ॲम मिक्सिंग’, ‘आय ॲम रोलिंग’. पोळीच्या कणकेसारखं मळू नका, कुकी चिवट होते. गोळा जमला की थांबायचं. ट्रे आत गेला की १२ ते १५ मिनिटं हात रिकामे. चुका काढायची वेळ ही. एखादं वाक्य पुन्हा नीट म्हणून घ्या, पण डोळा कुकीजच्या कडांवर ठेवा. त्या फिकट सोनेरी झाल्या की ‘दे आर डन’.

बाहेर काढल्यावर कुकीज मऊच लागतील. नवशिका इथे घाबरून ट्रे परत आत सारतो. त्यासाठी चिठ्ठीच्या तळाशी ‘लेट देम कूल’ लिहून ठेवा. निवल्या की त्या आपोआप घट्ट होतात. त्या दहा मिनिटांत तिसऱ्या कुणाला तरी, शेजारच्या काकूंना किंवा फोनवरच्या मावशीला, काय काय केलं ते सांगायचं, म्हणजे भूतकाळही होऊन जातो : ‘वी मिक्स्ड’, ‘वी बेक्ड’. मावशी मराठीतच उत्तर देणार, देऊ दे. उरलेल्या कुकीज हवाबंद डब्यात आठवडाभर राहतात. डब्यातच फाटलेल्या कागदाचे दोन्ही तुकडे ठेवा आणि पुढच्या खेपेला अदलाबदल करा, म्हणजे जो या वेळी विचारत होता त्याला आता सांगावं लागेल.