राजीनाम्याची तारीख कशी ठरवावी

स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचा निर्णय पक्का झाला, तरी राजीनाम्याची घाई करू नये. पगार चालू असताना जी कामे सहज होतात, ती आधी उरकावीत. पहिले काम आरोग्यविम्याचे. कंपनीच्या सामूहिक विम्याचे संरक्षण बहुधा नोकरीबरोबरच संपते आणि नव्या पॉलिसीत मधुमेहासारख्या जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणून विशेषतः घरात वयस्कर आईवडील असतील तर स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. त्याला चार-दोन महिनेच कमी पडत असतील, तर थांबलेले बरे. नियुक्तीपत्रातील जोडधंदा आणि गोपनीयतेची कलमेही नीट वाचावीत.

किती पैसा गाठीशी हवा, हे बहुतेक जण केवळ घरखर्चावरून ठरवतात. माझ्या मते खरी ओढाताण बिल दिल्यापासून पैसे जमा होईपर्यंत होते. समजा, पुण्यातील एका संगणक अभियंत्याने सल्लासेवेचे १ लाख रुपयांचे बिल ३० एप्रिलला दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला. तो दरमहा विवरणपत्र भरत असेल, तर हे १८,००० रुपये, खरेदीवरील कराची वजावट नसल्यास, ग्राहकाने बिल चुकते केलेले नसले तरी २० मेपर्यंत भरावे लागतात. जूनमध्ये ग्राहक पैसे देतो, तेही मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस कापून. म्हणजे खात्यात १,०८,००० आले, तरी त्यातले १८,००० आधीच खिशातून गेलेले असतात. अशा दोन-तीन बिलांचा भार पेलेल एवढी रक्कम घरखर्चाच्या तरतुदीहून वेगळी ठेवावी.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे. ती पहिल्या बिलाआधीच करावी. अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, अन्यथा व्याज लागते. तरीही नव्या व्यावसायिकाने पहिल्याच ग्राहकाशी कायद्याची भाषा करण्यापेक्षा करारातच काही रक्कम आगाऊ मागावी. असा करार लेखी झाला, की कामाच्या प्रारंभाच्या तारखेतून नोटीस पीरियडचे दिवस वजा करावेत. राजीनामा त्या दिवशी द्यावा.