लोहगावहून उडणाऱ्याने कोणत्या विमान कंपनीचे पॉइंट जमवावेत?

डोंबिवलीत राहून हार्बर लाइनचा पास काढणारा माणूस शोधून सापडणार नाही. पण कोथरूडात राहून, लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, ज्यांचं विमान उतरतच नाही अशा कंपनीचं फ्रीक्वेंट फ्लायर कार्ड (प्रवासावर पॉइंट किंवा माइल जमवून पुढे तिकिटाला वापरायची योजना) खिशात बाळगणारे भरपूर आहेत. कोणीतरी ऑफिसात सांगितलं, एखाद्या व्हिडिओत दुबईचा बिझनेस क्लास दिसला, आणि खातं उघडलं. पुढे त्यात अठराशे माइल पडून राहतात आणि एक दिवस मुदत संपल्याची मेल येते.

योजना चांगली की वाईट हे नंतर ठरतं. तुमच्या घराजवळच्या विमानतळावरून कोण कुठे नेतं, ते आधी बघायचं.

आधी जुनी तिकिटं काढा

मेलबॉक्समध्ये "पीएनआर" किंवा "ई-टिकेट" असं शोधा आणि गेल्या दोन वर्षांतली तिकिटं एका कागदावर उतरवा. चार रकाने पुरेत: कुठून, कुठे, विमान कोणाचं आणि पैसे कोणी भरले. "विमान कोणाचं" या रकान्यात तिकिटावरचा नंबर लिहून भागत नाही. त्याखाली बारीक अक्षरात "ऑपरेटेड बाय" असतं, ते नाव लिहा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, हा कोडशेअरचा प्रकार आता फार वाढला आहे. इंडिगोचंच घ्या. टर्किश, कतार, केएलएम, एअर फ्रान्स अशा बऱ्याच कंपन्यांशी त्यांचे करार आहेत. अशा तिकिटावर पॉइंट कोणाच्या खात्यात आणि किती मिळणार, हे प्रत्येक करारागणिक बदलतं.

चौथा रकाना लोक गाळतात, आणि खरी मेख तिथेच आहे. कंपनीने पैसे भरले तरी माइल साधारणपणे बसणाऱ्याचे असतात. कंपनीच्या पैशाने होणारा प्रवास आणि स्वतःच्या खिशातून होणारा प्रवास यांना बऱ्याचदा वेगवेगळ्या योजना सोयीच्या पडतात. ते कसं, हे खाली येईलच.

पुणेकराचा "घरचा" विमानतळ कोणता?

लोहगाव हा मुळात वायुसेनेचा तळ. धावपट्टी त्यांची, प्रवासी टर्मिनल तिच्या कडेला. 2024 च्या जुलैत नवं टर्मिनल सुरू झालं, गर्दीचा जाच बराच कमी झाला, पण धावपट्टी होती तेवढीच राहिली. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना ती तोकडी पडते. त्यामुळे इथून दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, नागपूर, अहमदाबाद ही शहरं थेट गाठता येतात, पण परदेशी थेट सेवा मोजक्याच, आणि त्याही छोट्या विमानांच्या आवाक्यातल्या.

म्हणजे पुणेकराचे विमानतळ व्यवहारात दोन. देशातल्या प्रवासाला लोहगाव, परदेशाला मुंबई. रात्री दहा-अकराला कॅब करायची, एक्स्प्रेसवेवर फूडमॉलला चहा घ्यायचा आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी मुंबईचं टी-2 गाठायचं, हे हिंजवडी-खराडीच्या घराघरांत पाठ झालेलं आहे. त्यात आता नवी मुंबईची भर पडली आहे. तिथून 2025 च्या डिसेंबरअखेर प्रवासी विमानं उडू लागली. एक्स्प्रेसवे कळंबोलीला संपतो, तिथून हा विमानतळ टी-2 पेक्षा पुष्कळ जवळ. सुरुवात इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा अशा देशी कंपन्यांनी केली. परदेशी कंपन्या तिथे किती आणि कधी येतात त्यावर आपला हिशेब पुढे बदलू शकतो.

एका खात्यात सगळं कोंबण्याचा हट्ट पुणेकराने म्हणूनच करू नये. देशासाठी एक, परदेशासाठी एक. तिसरं उघडायची वेळ बहुतेकांवर येत नाही.

देशातलं खातं

इथे फार डोकं चालवायला जागाच नाही. लोहगावच्या फलकावर सर्वात जास्त वेळा इंडिगो दिसतं, त्यानंतर एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस, मग अकासा, स्पाइसजेट. इंडिगोची ब्लूचिप योजना 2024 मध्ये आली. त्याआधी अनेक वर्षं त्यांच्याकडे कार्डाशी जोडलेले रिवॉर्ड सोडले तर प्रवाशासाठी तसं काहीच नव्हतं. एअर इंडियाची योजना जुनी. तिचं नाव पूर्वी फ्लाइंग रिटर्न्स होतं, आता महाराजा क्लब. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंटही इकडेच आले. तुमचं जुनं विस्तारा खातं असेल तर ते जोडलं गेलं आहे का, एकदा लॉगिन करून बघा.

कागदावर इंडिगोच्याच ओळी जास्त असतील तर ब्लूचिप घ्या आणि पुढे चला. पण वर्षातून एकदा जरी परदेशवारी होत असेल तर थोडं थांबा. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही. दिल्लीच्या फेऱ्यांवर मिळालेले एअर इंडियाचे पॉइंट उद्या स्टार अलायन्समधल्या परदेशी कंपनीच्या तिकिटाला वापरता येतात. नोकरीमुळे महिन्याला दिल्ली असेल आणि दोन्ही कंपन्यांच्या वेळा सोयीच्या असतील, तर माझं मत एअर इंडियाच्या बाजूने जाईल. फक्त पॉइंटसाठी पहाटे पाचचं विमान घेण्यात मात्र अर्थ नाही.

परदेशाचं खातं, जिथे खरा विचार लागतो

जगातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या तीन गटांत वाटल्या आहेत. स्टार अलायन्समध्ये लुफ्तान्सा, स्विस, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश, युनायटेड, एअर कॅनडा आणि आपली एअर इंडिया. वनवर्ल्डमध्ये ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक, जपान एअरलाइन्स, अमेरिकन. स्कायटीममध्ये एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा, व्हर्जिन अटलांटिक. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत, त्यांचे स्वतंत्र भागीदार आहेत.

गटाचा उपयोग काय? तुम्ही लुफ्तान्साने उडालात तरी माइल लुफ्तान्सातच जमा करायला हवेत असं नाही. तेच उड्डाण महाराजा क्लबमध्ये, सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये किंवा एअर कॅनडाच्या एअरोप्लानमध्येही टाकता येतं. एक उड्डाण एकाच खात्यात जातं, पण ते खातं कोणतं हे तुम्ही निवडता.

आता हे पुण्याच्या माणसांना लावून बघू.

चाकणच्या वाहन उद्योगातला इंजिनियर. जर्मनीला वर्षातून दोन-तीन वेळा जातो, तिकीट कंपनी काढते. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: मुंबईहून लुफ्तान्साने थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिक, नाहीतर लोहगावहून एअर इंडियाने दिल्ली आणि पुढे. दोन्ही स्टार अलायन्स. दुसऱ्या वाटेत पुण्यापासूनचं सगळं एकाच तिकिटावर असलं तर बॅग लोहगावला दिली की थेट जर्मनीत उचलायची, आणि घाटातली रात्र वाचते. त्याने स्टार अलायन्सबाहेर बघायचं कारण नाही.

मुलगी न्यू जर्सीत, आईबाबा दोन वर्षांतून एकदा जाणार, तिकीट जे स्वस्त मिळेल ते. एकदा दुबईमार्गे एमिरेट्स, पुढच्या वेळी दोहामार्गे कतार. यांचा प्रश्न वेगळा. इतक्या विरळ प्रवासात माइल जमेपर्यंत मुदत संपते. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे माइल तीन वर्षांनी जातात, तुम्ही मध्ये उडालात तरी. ब्रिटिश एअरवेज आणि कतार जे वापरतात त्या एव्हिओस नावाच्या पॉइंटचं तसं नाही. तीन वर्षांत खात्यात काहीतरी हालचाल झाली की मुदत पुढे सरकते. युनायटेडच्या माइलना मुदतच नाही. आईबाबांसाठी म्हणून मी मुदतीचा नियम सर्वात वर ठेवेन. दुसरं म्हणजे घरातल्यांचे माइल एकत्र करायची सोय. एमिरेट्समध्ये माय फॅमिली, ब्रिटिश एअरवेजमध्ये हाउसहोल्ड खातं. चौघांचे सुटे माइल चार ठिकाणी कुजण्यापेक्षा एका ठिकाणी तिकिटाएवढे होतात.

शिकायला जाणारा मुलगा असेल तर एवढंच करा: पहिलं तिकीट काढायच्या आधी खातं उघडा. एकेरी प्रवासाचे माइलही बरेच असतात.

अंतरावर की पैशावर?

एअर इंडियाने 2024 मध्ये पॉइंट भाड्याच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली. इंडिगोचंही तसंच. युनायटेड आणि लुफ्तान्साही स्वतःच्या विमानांवर भाडंच बघतात. पण भागीदार कंपनीच्या उड्डाणावर बऱ्याच योजना अजून अंतर आणि बुकिंग क्लास बघतात. मुंबई ते फ्रँकफर्ट सुमारे चार हजार मैल. स्वस्तातल्या इकॉनॉमी तिकिटावर एक योजना त्याचे पूर्ण माइल देईल, दुसरी पाव, तिसरी शून्य.

इथे चौथा रकाना कामाला येतो. कंपनी महागडं, ऐन वेळी काढलेलं तिकीट देत असेल तर भाड्यावर पॉइंट देणारी योजना बरी. स्वतःच्या पैशाने, चार महिने आधी, सेलमध्ये काढलेलं तिकीट असेल तर अंतरावर देणारी.

बुकिंग क्लास म्हणजे तिकिटावरचं एक इंग्रजी अक्षर: वाय, एम, के, टी, असं काहीतरी. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांचं अक्षर वेगळं असू शकतं, आणि माइलही. ते अक्षर आणि कंपनीचं नाव "व्हेअर टू क्रेडिट" या साइटवर टाकलं की कोणत्या योजनेत किती मिळेल ते ओळीने दिसतं. मग त्या योजनेच्या स्वतःच्या तक्त्यावर एकदा पडताळा.

एका पॉइंटची किंमत काढा

दहा हजार पॉइंट ऐकायला भारी वाटतात. समजा दिल्लीचं तिकीट रोखीने 7,000 रुपयांना आहे. तेच पॉइंटवर काढलं तर 10,000 पॉइंट आणि वर 1,000 रुपये कर. म्हणजे 6,000 रुपये वाचवायला 10,000 पॉइंट गेले, एक पॉइंट साठ पैशांचा. हा हिशेब तुम्ही खरोखर जाणार त्याच मार्गावर करा, जाहिरातीतल्या मालदीववर नको. दिवाळी, गणपती आणि मेच्या सुट्टीतली तारीखही टाकून बघा. पुणेकर तेव्हाच प्रवास करतो, आणि पॉइंटच्या सीट तेव्हाच सापडत नाहीत.

"फुकट" तिकिटावरचा कर आणि इंधन अधिभार हा दुसरा सापळा. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या उड्डाणांवर हा आकडा दचकायला लावतो. एअरोप्लान आणि युनायटेड पॉइंटच्या तिकिटावर इंधन अधिभार घेत नाहीत.

स्टेटसच्या मागे लागावं का?

स्टेटस म्हणजे वारंवार उडणाऱ्याला मिळणारी वरची श्रेणी. स्टार अलायन्स गोल्ड या श्रेणीला लाउंज, जादा सामान, आधी चेक-इन आणि आधी बोर्डिंग मिळतं. यातलं देशातलं लाउंज आजकाल बऱ्याच डेबिट-क्रेडिट कार्डांवरही मिळतं. राहतं सामान, आणि ते महत्त्वाचं. चितळ्यांची बाकरवडी, घरचा गोडा मसाला आणि नातवासाठी तांब्या-भांडं घेऊन निघालेल्या माणसाला वीस किलो जास्त म्हणजे मोठीच गोष्ट. तरीही स्वतःच्या पैशाने उडून गोल्ड गाठायचा विचार करू नका. कंपनी उडवत असेल तर आपोआप मिळेल तेवढं घ्यावं.

खातं उघडताना नाव

पुढचा बराच मनस्ताप इथेच टाळता येतो. आपल्या पासपोर्टवर "गिव्हन नेम"च्या ओळीत बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लागोपाठ असतं, आडनाव वेगळं. तिकिटावर ती दोन्ही नावं चिकटून "सुनीतारमेश" अशी छापली जातात. खातं नुसतं "सुनीता" नावाने उघडलं असेल तर माइल जमा होताना अडू शकतात. पासपोर्ट समोर ठेवून त्यातलं जसंच्या तसं भरा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं तर खात्यातही बदलून घ्या, आणि ते पुढच्या तिकिटाच्या आधी.

क्रेडिट कार्ड

प्रवासापेक्षा कार्डावरून जास्त माइल जमवणारे पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी तीनच गोष्टी. बँकेचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे पाठवले की परत येत नाहीत. कधी ते लगेच पोचत नाहीत, तोवर सीट जाते. आणि बँका हस्तांतराचे दर बदलतात. म्हणून तिकीट समोर दिसत असेल तेव्हाच पाठवा, आधी पाठवून साठवू नका. बिल पूर्ण भरत नसाल तर हा खेळ सोडाच, व्याज सगळे माइल खाऊन टाकतं.

उडून आल्यावर

बोर्डिंग पास लगेच फेकू नका. मोबाइलवर असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पंधरा दिवसांत माइल दिसले नाहीत तर योजनेच्या साइटवर "मिसिंग माइल"चा दावा टाका. तिथे बहुतेकदा सहा अक्षरी पीएनआर चालत नाही, तेरा आकडी तिकीट नंबर लागतो. एअर इंडियाचा 098 ने सुरू होतो, लुफ्तान्साचा 220 ने. वेब चेक-इनच्या पानावर जाताना कोणत्या खात्याचा नंबर जोडलेला आहे तेही बघा. ऑफिसचा ट्रॅव्हल डेस्क पुष्कळदा जुनाच नंबर टाकतो.

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लोहगावहून एखादी परदेशी सेवा सुरू होते किंवा बंद पडते ती बहुधा याच सुमारास. तो चार रकान्यांचा कागद तेव्हा पुन्हा काढा, आणि एखाद्या खात्याच्या रांगेत सहा महिन्यांत एकही नवी ओळ आली नसेल तर त्यातले माइल मुदतीआधी कुठे खर्च होतील ते त्याच बैठकीत शोधा.