सूर्यास्त बघून डोळे भरून येतात तेव्हा काय करायचं, आणि उत्तर नसलेल्या प्रश्नांसोबत कसं राहायचं

बाबा गेले त्यानंतर दीडेक महिन्याने एका सकाळी गवताच्या पात्यावर दवाचा थेंब दिसला, त्यात मागचं अख्खं झाड उलटं दिसत होतं, आणि मला एकदम रडूच आलं. दुःखाचं म्हणावं तर तसं नव्हतं, आनंदाचंही नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले, हे इतकं सुंदर का आहे, कोणासाठी आहे, बाबा आता कुठे असतील. याला बारा वर्षं झाली, उत्तरं मिळाली नाहीत, पण त्यांच्यासोबत राहायला थोडंफार जमायला लागलंय, ते कसं ते सांगते.

असं गलबलून आलं की आधी मोबाईल खिशातच राहू द्या. फोटो नंतर काढा की, कोण नको म्हणतंय, पण पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. सगळं आभाळ एकदम बघायला जाऊ नका, एकच बारीक गोष्ट धरा, ढगाची कड किंवा पानावरची शीर, आणि "याचा अर्थ काय" हा प्रश्न आला तर येऊ द्या, लगेच उत्तर शोधायला पळू नका.

विज्ञान जरूर वाचा. खूप जण घाबरतात की कारण कळलं की जादू जाईल, माझा अनुभव उलटा आहे. संध्याकाळी सूर्यप्रकाशाला हवेचा खूप जाड थर पार करावा लागतो, वाटेत निळा रंग विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत लाल-केशरी पोचतो, हे माहीत झाल्यापासून मी जास्त वेळ थांबते. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दूरचा प्रचंड समूह, अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते, तो प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे आपल्यासारखी माणसं तेव्हा जन्मालाही आली नव्हती!

निसर्गाने शरीराला बरं वाटतं हेही अभ्यासात दिसलंय. रॉजर उलरिच या संशोधकांनी 1984 मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 पेशंटची माहिती मांडली, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलरही कमी लागल्या. पण बरं वाटणं वेगळं आणि त्या थेंबाने मला रडू येणं वेगळं, माझ्या मते हे त्यात बसत नाही आणि ओढूनताणून बसवूही नये.

आता प्रश्नांचं. एक वही करा, प्रश्न आला की तारीख टाकून लिहा, खाली जागा मोकळी सोडा. चार-सहा महिन्यांनी वाचाल तेव्हा काही प्रश्न माहितीचे निघतात, शोधले की संपतात. काही प्रश्नांच्या आत एखादा अडकलेला निर्णय असतो, तो घेऊन टाका. उरलेले खरे. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली असं विचारतं आणि शेवटी म्हणतं, वर जो याचा अध्यक्ष आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. हे वाचून मला केवढा धीर आला, इतक्या जुन्या लोकांनीसुद्धा जागा मोकळी सोडली होती.

एक मात्र नीट तपासा. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूने बुद्धाला जग शाश्वत आहे का वगैरे विचारलं तेव्हा बुद्धाने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला, बाण कोणी मारला, मारणारा कुठल्या जातीचा होता हे कळेपर्यंत तो काढूच देत नाही, आणि तसाच मरतो. तुमची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यातच राम वाटत नसेल, तर आधी बाण काढा, जवळच्या माणसाशी बोला, डॉक्टरांकडे जा, वही नंतर.

आणि घरातल्या लहान मुलाने विचारलं की आजोबा कुठे गेले, तर मी आता सरळ "मला माहीत नाही रे, मलाही हा प्रश्न पडतो" म्हणते. मग आम्ही दोघं बाहेर जाऊन बसतो.