पुस्तकचर्चेत ‘कशावरून?’ला अडखळता? या चुका टाळा

आमच्या वाचनगटात भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’ या कादंबरीवर बोलताना मी तिच्या नायकाबद्दल ठोकून दिलं, ‘पांडुरंग सांगवीकरला कशाचंच काही वाटत नाही.’ समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘आणि मनी गेली तेव्हा?’ माझी बोलती बंद. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची ती पानं मी वाचली होती, मत ठोकताना सोयीस्करपणे विसरलो होतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मत आधी ठरतं, पुरावा मागाहून धुंडाळला जातो. म्हणून हल्ली मी गटात जाण्याआधी माझ्याच मताला खोटं पाडणारा एक तरी प्रसंग शोधतो. माझं वाक्यही बदललं: पांडुरंगला वाटतं पुष्कळ, तो ते अंगाला लावून घेतलं नाही असं दाखवतो.

आता हे कशावरून? कादंबरीची सुरुवातच बघा. स्वतःचं वय सांगताना तो मध्येच ‘उदाहरणार्थ’ म्हणतो. वय कुणी उदाहरणार्थ सांगतं का? स्वतःकडेही हा माणूस दुसऱ्याच कुणाकडे बघावं तसा बघतोय. एवढा एक शब्द पुरतो. काही जण मात्र अख्खं पान वाचून दाखवतात आणि ‘बघा!’ म्हणून खाली बसतात. काय बघायचं, ते सांगायचं राहूनच जातं.

दुसरा घोळ लेखक आणि निवेदकाचा. नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, जन्म 1938 चा. कादंबरी आली 1963 मध्ये. नायक पंचवीस वर्षांचा, आडनाव सांगवीकर. इतकं जुळल्यावर ‘हे आत्मचरित्रच’ म्हणायचा मोह होणारच. पण त्यातून फार तर एवढं कळतं की लेखकाने ओळखीचं गाव आणि वय वापरलं. प्रत्येक प्रसंग त्याच्यावर गुदरला, हे त्यातून निघत नाही. तेव्हा ‘नेमाडे म्हणतात’ नको, ‘पांडुरंग म्हणतो’ म्हणा.

‘श्यामची आई’वर बोलताना आणखी एक गंमत होते. साने गुरुजींचं पुस्तक 1935 चं, अत्र्यांचा सिनेमा 1953 चा, आणि आठवणीत दोन्ही एक झालेले. शंका आली तर पुस्तक उघडा.

पान क्रमांकावर विसंबू नका. तिघांच्या हातात तीन आवृत्त्या असल्या की एकाच आकड्यावर तीन वेगळे प्रसंग निघतात. ‘होस्टेलच्या मेसचा भाग’ म्हटलं की सगळे बरोबर तिथे पोचतात.