रक्त नको म्हणणारा पेशंट : या चुका टाळा

हिमोग्लोबिन चारच्या खाली आणि पेशंट म्हणतो, "माले दुसरानं रगत नको." अशा वेळी नवे डॉक्टर आधी दरडावतात. पेशंट उठून घरी जातो, विषय संपला. मी नातेवाइकांना बाहेर काढतो, स्टूल ओढून बसतो, नक्की काय नको ते विचारतो, नकारावर सही घेतो आणि कामाला लागतो.

माझा खरा राग रक्त काढण्यावर. चोपड्याकडची एक बाई, पाळीत महिनोन्महिने रक्त जाऊन ३.८ वर आलेली. आमच्या ज्युनिअरने काळजीपोटी सकाळ-दुपार-संध्याकाळ तपासण्या लावल्या. दर वेळी दहा मिलीची सिरिंज भरायची, उरलेलं बेसिनमध्ये. वरून सलाईन धो-धो. चौथ्या दिवशी आकडा ३.४. "सर, आयर्न लागू पडत नाहीये." अरे बाबा, चार दिवसांत १२० मिली तर तूच काढलंस, उरलेल्यात पाणी घातलंस! बाईला धाप लागली ती वेगळीच. आता माझ्याकडे लहान मुलांच्या ट्यूब, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आठवड्यातून दोनदाच. फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, रेटिक (नव्या लाल पेशींची मोजणी) मात्र पहिल्याच दिवशी, औषध सुरू होण्याआधी.

दुसरी खोड एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे मज्जेला लाल पेशी बनवायला लावणाऱ्या औषधाची. नातेवाईक 'रक्तवाढीचं इंजेक्शन' मागतात आणि डॉक्टर ते लोह न देता नुसतंच टोचतात. कापूस आला नसताना जिनिंग चालू करण्यासारखं आहे हे. आधी लोहाचा हिशोब: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक ५००. त्या बाईचं वजन ४५ किलो, १२ गाठायचं, म्हणजे साधारण १,४०० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज (शिरेतून द्यायचं लोह) एका वेळी २००, दिवसाआड, सात डोस. सोबत फोलिक अ‍ॅसिड, बी१२ कमी असेल तर तेही. एरिथ्रोपोएटिन चालू असेतो बीपी रोज बघा, गुठळीची भीती असते. आकडा हलायला आठवडा-दहा दिवस लागतात; तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून डोस वाढवणाऱ्यांनी दुसरा धंदा बघावा.

रक्त जातंय कुठून, ते आधी थांबवा. पाळीचं असेल तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) आणि त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ.

धडगाव-अक्कलकुव्याकडचा (नंदुरबारचा आदिवासी भाग) पेशंट असेल तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी आणि फेरिटिन पाहिल्याशिवाय आयर्न लावू नका.

ऑक्सिजन लावून पेशंटला संडासला चालत पाठवू नका. बेडपॅन असतो.

आणि बिटाचा रस? प्यायचा तर प्या. चौथ्या ग्लासाची चौकशी मला फोनवर करू नका.