शिरल्या की वाढल्या?

ट्रोफोब्लास्टवर, म्हणजे वार घडवणाऱ्या पेशींवर, काम सुरू केलं आणि दुसऱ्याच महिन्यात मला झकास निकाल मिळाला. इन्सर्ट म्हणजे तळाला सच्छिद्र मेम्ब्रेन असलेली छोटी वाटी; मेम्ब्रेनवर जेलचा थर देऊन वर पेशी सोडायच्या आणि थरातून शिरून किती खाली पोचल्या ते रंगवून मोजायचं. ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर (पेशींना इशारा देणारं प्रथिन) घातलेल्या इन्सर्टच्या खालच्या बाजूला जांभळ्या पेशींची नुसती गर्दी, ईजीएफविना ठेवलेल्या कंट्रोलमध्ये तुरळक ठिपके. आलेख काढून गाईडसमोर ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, "शिरल्या की वाढल्या?"

मला उत्तर देता आलं नाही. ईजीएफ पेशींना शिरायलाही उद्युक्त करतो आणि विभाजन व्हायलाही. मी ४८ तास ठेवले होते, तेवढ्यात मी वापरलेल्या एचटीआर-८ या ट्रोफोब्लास्ट पेशी दुप्पट सहज होतात. म्हणजे मी मोजलं ते नेमकं काय?

थोडी पार्श्वभूमी सांगते. वारेतल्या एक्स्ट्राव्हिलस ट्रोफोब्लास्ट पेशी डेसिड्युआतून (गरोदरपणातल्या गर्भाशयाच्या अस्तरातून) गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या एक तृतीयांश भागापर्यंत जातात आणि तिथल्या सर्पिल धमन्या रुंद करतात. हे काम उथळ राहिलं, तर त्याचा संबंध प्रीएक्लॅम्पसियाशी, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजाराशी, लागतो. उलट, जुन्या सिझेरियनच्या व्रणावर अडवायला डेसिड्युआच नसेल, तर वार खोल रुतून बसते. ती ॲक्रीटा. शरीरात हा तोल राखायला ईजीएफ, आयजीएफ-२, एचजीएफ हे ग्रोथ फॅक्टर पेशींना पुढे ढकलतात, तर डेसिड्युआतून येणारा टीजीएफ-बीटा बहुतेक वेळा लगाम घालतो. वाट काढायला पेशी एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइम सोडतात, टिम्प ही प्रथिनं त्यांना आवरतात. एवढं डोक्यात असलं की सुरुवातीला पुरतं. पण पेपर वाचताना आधी 'कुठल्या पेशी' ते बघा. जेईजी-३ हा कोरिओकार्सिनोमा आहे, म्हणजे कर्करोगाच्या पेशी. त्यांचं वागणं निरोगी ट्रोफोब्लास्टला जसंच्या तसं लागू होत नाही.

आता हात कुठे पोळतात ते. मॅट्रिजेल, म्हणजे इन्सर्टमध्ये थर द्यायचं जेल, रात्रभर फ्रीजमध्ये, बर्फावर वितळवायचं, आणि पिपेटच्या टिपाही गार करायच्या. मी एकदा टिपा विसरले. जेल टिपेतच घट्ट झालं, काही इन्सर्टमध्ये थर इतका पातळ बसला की पेशी त्यातून बागेत फिरल्यासारख्या गेल्या. शिवाय मॅट्रिजेल उंदराच्या ट्यूमरमधून काढतात, त्यात स्वतःचेच ग्रोथ फॅक्टर असतात! तुम्ही बाहेरून घालणार त्याचा परिणाम त्यात हरवतो. म्हणून ग्रोथ फॅक्टर कमी केलेला प्रकार मागवा. पेशींच्या खाद्यात घालतात त्या सिरमचंही तेच. उपचाराआधी पेशी काही तास सिरमविना ठेवा.

इन्सर्टची वरची बाजू कापसाच्या बोळ्याने पुसताना कडेची गोल रेघ राहून जाते. मेम्ब्रेनची भोकं ८ मायक्रॉनची, त्यामुळे वर चिकटून राहिलेली पेशीसुद्धा घाईत खालचीच वाटते. फोकस वरखाली करून बघायची सवय लावून घ्या.

गाईडच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी तीन गोष्टी वाढवल्या: वेळ २४ तासांवर आणली, त्याच दिवशी त्याच मात्रेवर वाढ मोजणारी प्लेट लावली, आणि मॅट्रिजेल नसलेले इन्सर्ट ठेवले, म्हणजे नुसतं सरकणं आणि थर फोडून शिरणं वेगळं कळतं. सगळं पुन्हा केल्यावर ईजीएफचा परिणाम टिकला, पण पहिल्या आलेखातला डोंगर टेकडीएवढा झाला. प्रबंधात टेकडीच गेली.