श्वास घेताना घशातली फट ओळखायची कशी आणि मोकळी ठेवायची कशी

तोंड उघडं ठेवा, जीभ सैल सोडा आणि अजिबात आवाज न करता श्वास सोडा. आता तोंड जीभ काहीही न हलवता परत सोडा, पण चष्म्याच्या काचेवर वाफ धरताना करतो तसा 'हाऽऽ' खरखरीत आवाज येऊ द्या. तोंड तेच, जीभ तीच, मग हा आवाज कुठून आला? तर स्वरयंत्रातून. दोन व्होकल कॉर्डच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या स्वरतंतूंच्या, मधल्या फटीला ग्लॉटिस म्हणतात, ती तुम्ही नकळत अरुंद केलीत आणि हवा तिथून भोवरे करत जायला लागली. हा आवाज म्हणजेच तुमचं मीटर, दुसरं काही लागत नाही. उज्जायी प्राणायाम करणारे हेच मुद्दाम करतात, श्वास लांबवायला.

आता पूर्ण बंद करून बघा. तोंड उघडंच ठेवून श्वास रोखा. इथे एक गंमत आहे, श्वास दोन प्रकारे रोखता येतो, एकतर कॉर्ड घट्ट मिटून, नाहीतर कॉर्ड उघड्या ठेवून नुसती छाती थांबवून. कसं ओळखायचं, तर रोखलेलं असतानाच छाती किंचित फुगवायचा प्रयत्न करा, हवा आत आली तर ग्लॉटिस उघडी होती, नाही आली तर बंद. हा फरक जमला की अर्धं काम झालं.

थोडं गणित, कारण ते कळलं की पुढचं पटतं. ग्लॉटिसमधून हवा जोरात जाते तेव्हा ती सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे हवेचा वेग दुप्पट केला की लागणारा दाब साधारण चौपट होतो. आणि हवा तेवढीच ठेवून फटीचं क्षेत्रफळ निम्मं केलं तरी दाब पुन्हा चौपट. म्हणजे घसा आवळलेला असताना जोर लावून श्वास ओढणं हा तोट्याचा धंदा आहे, मेहनत खूप आणि हवा थोडीच जास्त. आधी वेग कमी करा, मग फट उघडा.

उघडायची कशी? कॉर्ड बाजूला ओढणारा मुख्य स्नायू एकच, नाव लांबलचक आहे, पोस्टीरिअर क्रायकोअरिटेनॉइड, आणि त्याला 'उघड' असं सांगून फारसं काही होत नाही. पण नाकाने फुलाचा वास घेतल्यासारखं छोटं हुंगलं की तो आपोआप कामाला लागतो. कान-नाक-घसावाले दुर्बीण घालून कॉर्ड बघतात तेव्हा 'ईऽ' म्हणायला आणि हुंगायला लावतात ते यासाठीच, एकात मिटतात आणि दुसऱ्यात उघडतात. दुसरा उपाय म्हणजे बारीक, उथळ, भराभर धापा. फुफ्फुसाच्या नळ्यांचा रेझिस्टन्स मोजायच्या काचेच्या पेटीत पेशंटला धापा टाकायला लावतात, तेव्हा ग्लॉटिस रुंद राहते आणि मोजमापात तिची लुडबूड कमी होते.

श्वास सोडताना फट थोडी अरुंद होणं मात्र नॉर्मल आहे, त्याच्या मागे लागू नका. तो ब्रेक आहे, फुफ्फुसं एकदम रिकामी होऊ नयेत म्हणून. श्वासाचा त्रास असलेली नवजात बाळं कण्हतात ती याच ब्रेकवर, कॉर्ड अर्धवट मिटून आतली हवा धरून ठेवतात.

पळताना किंवा जिना चढताना घसा आवळल्यासारखा झाला तर थांबा, खांदे सोडा, नाकाने एक-दोन छोटे हुंगे घ्या आणि ओठांचा चंबू करून हळू सोडा. चंबूमुळे अडथळा ओठांवर येतो, घशाला आवळायचं कारण राहत नाही. हे बरं असतानाच रोज करून ठेवा, ऐन वेळी डोकं चालत नाही.

श्वास आत घेताना घशातून घरघर, शिट्टीसारखा आवाज येत असेल तर त्रास वरच्या बाजूला असू शकतो, दम्याची शिट्टी बहुतेकदा सोडताना येते. पण यावरून स्वतःच निदान करून इनहेलर बंद करू नका, दोन्ही एकत्रही असतात आणि खात्री बऱ्याचदा दुर्बिणीतून बघूनच होते. आणि नुसतं बसलेलं असताना असा आवाज सुरू झाला, ओठ किंवा जीभ सुजली, बोलता येईना, तर हुंगत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.